मदत हवी आहे: सातपुड्यासाठी हातातलं जीपीएस, सेन्सरवालं घ्यावं का?

मंडळी, शहाद्याहून लिहितोय. आम्ही काही जण तोरणमाळ, अक्राणी, अस्तंभा या भागात झाडांच्या नोंदी करत फिरतो. मोबाईलला रेंज नसते, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. म्हणून पेन्सिल सेलवर चालणारं जीपीएस घ्यायचं ठरलंय. गाडी अडलीय गार्मिनच्या ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्समध्ये. दोन्ही जवळपास सारखेच, पण ३२एक्समध्ये होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक जास्तीचं. पैसेही अर्थातच जास्तीचे.

सेन्सर नसलेल्या यंत्रात चालत असलो तरच दिशा बरोबर कळते, थांबलं की बाण भरकटतो, हे माहीत आहे. आणि आम्ही बहुतेक वेळ झाडाखाली थांबलेलेच! म्हणून ओळखीतून एक जुनं सेन्सरवालं यंत्र मागून आणलं. तर काही काळ्या खडकांपाशी त्याचा बाण सरकतो, दोन पावलं बाजूला गेलं की ताळ्यावर येतो.

खरा घोळ उंचीचा आहे. तोरणमाळला ते दिवसभर एकाच ओट्यावर ठेवलं होतं, आभाळ निरभ्र. सकाळी दहाला दिसलेली उंची दुपारी चारपर्यंत पंचवीसेक मीटरने वाढली, रात्री पुन्हा उतरली. डोंगर तर हलला नाही. सेन्सर गेलाय का?

प्रतिसाद १
भाऊ, सेन्सर धडधाकट आहे. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा चढतो-उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. फरक २-३ हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक), आणि तोरणमाळच्या उंचीवर १ हेक्टोपास्कल म्हणजे नऊ-साडेनऊ मीटर. करा हिशोब. दाब उतरला की यंत्राला वाटतं आपण वर चढलो. तुमच्या यंत्रात जीपीएसवरून आपोआप जुळवून घ्यायची सोय बंद दिसतेय, ती चालू करा.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत. हे उंचीमापक समुद्रसपाटीला १५ अंश तापमान धरून हिशोब करतं. आपल्याकडे मे महिन्यात १५ अंश कुठून आणायचे? पायथ्याला ४२ असताना ८०० मीटर चढलात, तर ते साठ-सत्तर मीटर कमीच सांगेल.

खडकाचं म्हणाल तर आपल्या काळ्या खडकात, बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं, त्यात वीज पडून जास्तच चुंबकित झालेला खडक असेल तर बघायलाच नको. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवायचं, मोबाईल आणि टॉर्च लांब ठेवायचे. झाडांच्या नोंदींना २२एक्स आणि सोबत साधं होकायंत्र पुष्कळ झालं.

प्रतिसाद २
थोडा असहमत. अरुंद दरीत आभाळ कमी दिसतं, तिथे जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा बरीच जास्त चुकते. दाबाचं उंचीमापक निदान थोड्या वेळात उड्या मारत नाही. नोंदीत उंची महत्त्वाची असेल तर ३२एक्स घ्या, आणि निघताना टोपोशीटवरच्या (उंची दाखवणाऱ्या सरकारी नकाशावरच्या) माहीत उंचीला जुळवून घ्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. उंची आम्हाला शंभर-शंभर मीटरच्या पट्ट्यांतच लिहायची असते, तेव्हा २२एक्सकडे कल झालाय. फक्त दाट झाडीत ते जागा किती पटकन पकडतं ते बघायचंय. धुळे-नंदुरबारकडे कुणाकडे असेल तर एक दिवस हाताळायला मिळेल का? तोरणमाळची सीताफळं घरपोच!