'तापीय प्रत्यावर्तन'ला बरा शब्द सुचवा

रोपटं
पीएचडीच्या प्रबंधाचा सारांश मराठीत द्यायचाय. विषय : रोपांना उजेड आणि तापमान कसं कळतं. फायटोक्रोम-बी नावाचं प्रथिन ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषून सक्रिय होतं. ७३० च्या आसपासच्या, लालाच्या पार टोकाच्या प्रकाशानं पुन्हा निष्क्रिय होतं. गंमत अशी की अंधारातही ते आपोआप निष्क्रिय रूपात परततं, आणि रात्र जितकी उबदार तितकं लवकर. म्हणजे तेच प्रथिन तापमापकही आहे. २०१६ मध्ये दोन गटांनी हे दाखवलं. या आपोआप परतण्याला मी 'तापीय प्रत्यावर्तन' लिहिलं. आत्यानं वाचून विचारलं, "उष्णता परावर्तित होते, म्हणजे पान तापतच नाही का गं?" शब्द बदलू का?

कानामात्रा
शब्द बरोबर आहे. आत्याबाईंना सावकाश वाचायला सांगा. प्रत्यावर्ती विद्युतधारा शाळेत सगळेच शिकलोय.

पारंबी
ती धारा सतत दिशा बदलत राहते. हे प्रथिन अंधारात माघारी येऊन गप्प बसतं. म्हणजे शाळेतलं आठवणारा आणखीच फसणार. 'ओसरणं' का नको? ताप ओसरतो, पूर ओसरतो. कुणी ओसरवायला लागत नाही.

रोपटं
छान आहे, पण ओसरतं ते कमी होतं. इथं प्रथिन आहे तेवढंच राहतं, फक्त घडण बदलते.

पारंबी
मग 'रूपपालट'. हवापालट चालतो, खांदेपालट चालतो, यानंच काय घोडं मारलंय?

कानामात्रा
आणि 'उलट फिरू शकणारं' याला? रूपपालटण्याजोगं? प्रत्यावर्तनापासून प्रत्यावर्तनीय सरळ होतं. एका शब्दातून पुढचे चार निघाले पाहिजेत, म्हणून तर संस्कृत धातू घ्यायचा. फायटोक्रोमलाही 'पादपवर्णक' म्हणायला हरकत नसावी.

दोन ओळी
पादपवर्णकात हरितद्रव्यसुद्धा येईल, तेही झाडातलं रंगद्रव्यच. फायटोक्रोम राहू द्या.

जुनी वही
सगळे संस्कृत धातू उपसताय आणि घरातला शब्द कोपऱ्यात पडलाय : ऊन. 'ऊन पडलंय' म्हणतो तेव्हा उजेड, 'ऊन ऊन पाणी' म्हणतो तेव्हा उष्णता. उष्णचं प्राकृतात उण्ह, त्याचं ऊन. 'उन्हात' म्हणताना तो ह अजून डोकं वर काढतो. गादीला ऊन दाखवतात ते काय उजेडासाठी? आई आजारलेली कुंडी उचलून "हिला जरा ऊन दाखव" म्हणायची, तेव्हा तिनं कधी प्रकाश आणि ताप वेगळे केले नाहीत. सारांशाचं पहिलं वाक्य 'रोपाला ऊन कळतं' असं करा. उजेड-तापमानाची जोडी लावायची गरजच नाही.

रोपटं
वाक्य गोड आहे, पण माझ्या प्रयोगात ऊन औषधालाही नाही! बंद वाढकक्ष, एलईडी दिवे, उजेड सगळीकडे सारखा. एका कक्षात २२ अंश, दुसऱ्यात २८. अरॅबिडॉप्सिस (प्रयोगशाळेत वापरतात ते मोहरीच्या कुळातलं छोटं रोप) याचं बी धुळीच्या कणाएवढं, पण फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. २२ ची रोपं जमिनीला धरून बसलेली. २८ ची दांडी लांबून बारीक झालेली, पानांचे देठ हात वर केल्यासारखे. आणि दाट पानांच्या सावलीतलं रोपही असंच दिसतं! वरची पानं लाल प्रकाश खाऊन टाकतात, टोकाचा लाल खाली झिरपतो, प्रथिन निष्क्रिय होतं, रोप उंच पळतं. सावली कुठली आणि ऊब कुठली हे वेगळं करणं हाच तर प्रबंध. तिथं दोन्हींना एकच शब्द वापरला तर परीक्षक मला सोडतील का?

जुनी वही
तुम्ही वेगळं करता. प्रथिन कुठं करतंय? माझा मुद्दा तोच आहे.

अनुस्वार
मुळात 'कळतं' हेच चूक. कळायला मन लागतं. 'प्रतिसाद देतं' लिहा.

पारंबी
प्रतिसादात साद आहे. ती ऐकायला कान कुठून आणायचे? लाजाळूला हात लावलेला कळतो असं म्हणतच मोठे झालो सगळे.

दोन ओळी
रोपटं, एक खरंच सांगतो. शब्द आत्ताच नीट निवडा, नंतर हलत नाही. १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखूच्या फुलण्यावर दिवसाच्या लांबीचा परिणाम दाखवला आणि लहान दिवसांत फुलणारी ती 'लघुदिनी', मोठ्या दिवसांत फुलणारी ती 'दीर्घदिनी' अशी नावं दिवसावरून पडली. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी गोखरूच्या लांब रात्रीच्या मध्येच थोडा उजेड पाडला; फुलं आली नाहीत. म्हणजे झाड मोजतं रात्र. तरी पुस्तकात अजून लघुदिनीच.

अनुस्वार
ते गोखरू नव्हे, शंकेश्वर. गोखरू म्हणजे सराटा.

दोन ओळी
सराटा जमिनीवर पसरतो आणि सायकलच्या चाकात घुसतो. कपड्यांना आकड्यांनी चिकटतं ते गोखरू. शंकेश्वर मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

कानामात्रा
तुम्ही ऐकलं नाही म्हणून शब्द मरत नाही. गोखरू हे गोक्षुरावरून, आणि वैद्यांचा गोक्षुर म्हणजे सराटाच.

पारंबी
वैद्यांचा असेल. शेतात तण काढणाऱ्याला विचारा, तो कपड्यांना चिकटणारंच दाखवेल.

रोपटं
माझ्या प्रबंधात यांतलं एकही तण नाही हो. तूर्त पहिल्यांदा 'तापीय प्रत्यावर्तन, म्हणजे उबेने होणारा रूपपालट' असं लिहून पुढं नुसतं रूपपालट ठेवलंय. मार्गदर्शकांना रूपपालट चालला, 'उबेने' खटकलं. उबेला अंश नसतात म्हणाले.

जुनी वही
उन्हालाही नसतात, पण कोवळं, तिरपं, कडक, रणरणतं असं सगळं असतं. अंश हवेत कशाला?

अनुस्वार
'उबेने' नाही, 'उबेमुळे'. आणि शंकेश्वरच.