चकमकीची बंदूक भिंतीवरच टांगायची का?

ठासणीवाला
काल 'लांबनळी' यांनी लिहिलं, की खास घडवून घेतलेल्या चकमकीच्या बंदुकीने, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या ठासणीच्या बंदुकीने, ससे-खारी मारणं ही हौशी मंडळींची नाटकं आहेत. बार निम्म्या वेळा फुसका जातो, जनावर जखमी होऊन झुडपात मरतं, तेव्हा ती भिंतीवर टांगा. याला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून हा धागा.

अहो, बार फुसका गेला तर नळीतून काहीच निघत नाही. मग जनावराला लागणार काय? जखमी होतं ते लांबून मारल्याने. चोक (छर्रे एकत्र ठेवणारं, तोंडाशी आवळलेलं टोक) नसलेल्या २० बोअरच्या गुळगुळीत नळीतले छर्रे पंचवीस यार्डांपुढे पांगतात. तिथे दारू जास्त ठासून उपयोग नाही, उलट छर्ऱ्यांच्या घेरात मधोमध भोक पडतं. दारूचं माप तेच छर्ऱ्याचं, हा साधा हिशेब. त्यामुळे आम्हाला जवळ जावंच लागतं. दुसरा बार तयार नसतो, म्हणून घोडा ओढण्याआधी विचार होतो. तुमच्या सेमी-ऑटोवाल्यांना हलत्या गवतावर लागोपाठ तीन बार काढताना पाहिलंय मी.

आणि घडवून का घ्यायची? पुढे फक्त माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी), मागची साइट म्हणजे आपला डोळा. दस्ता गालाला उंच झाला तर बार सशाच्या कानांवरून जातो.

लांबनळी
नाटकं म्हटलं, पुन्हा म्हणतो. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटिश पाद्री. रंजकीचा, म्हणजे ठिणगी धरायला चापाशी बाहेर ठेवलेल्या दारूचा, भडका बघून पक्षी सावध व्हायचे, त्याला वैतागून त्याने ठोक्याने पेटणारा चाप शोधून काढला. पेटंट १८०७ चं! खुद्द शिकारी ज्याला तेव्हाच कंटाळले, त्यात तुम्हाला आज संयम सापडला?

आणि 'घडवून घेतलेल्या'चं कौतुक मला सांगू नका. मी एका कारागिराला आगाऊ पैसे दिले. बंदूक हातात पडली तोवर शाळेतला मुलगा कॉलेजात गेला. वर कान (रंजकीची आग नळीत नेणारं भोक) इतका मागे पाडलेला, की रंजक जळायची आणि बार नळीत तसाच.

रानवाटा
लांबनळी, तो राग कारागिरावर काढा, चकमकीवर कशाला? ठासणीवाला, बसलेला ससा भडका बघून उडत नाही, हे तरी त्यांना सांगायचंत.

मला वेगळंच विचारायचंय. छर्रे कसले भरता? शिशाचेच ना?

ठासणीवाला
शिशाचेच. नळी मऊ पोलादाची, लोखंडी छर्रे तिला ओरबाडतात. प्लास्टिकचा कप घालावा तर काळ्या दारूच्या आचेने वितळून आत चिकटतो.

रानवाटा
शिशाऐवजी बिस्मथ धातूचे का नाही मग? अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला १९९१ पासून शिसं बंद आहे, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला. सशाच्या मांडीतला छर्रा माझ्या लेकीच्या दाताखाली आला होता, त्या दिवसापासून आमच्या घरात शिसं नाही.

फाटकाखिसा
बिस्मथचा भाव विचारलात का कधी? आणि वजन? शिशाची घनता ११.३, बिस्मथची ९.८. चकमकीच्या बंदुकीत मुळातच वेग कमी, त्यात हलका छर्रा. शिवाय ठिसूळ. आमचे आजोबा शिशाचंच खात आले, नव्वदी गाठली.

रानवाटा
आला आजोबांचा पुरावा! शिशाची सुरक्षित पातळी ठाऊकच नाही असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पण तुमच्या आजोबांपुढे तिचं काय. खिसा फाटका असेल तर कमी बार काढा. पंचवीस यार्डांत बिस्मथने ससा जागीच पडतो, मी पाडलेत.

फाटकाखिसा
म्हणजे गरिबाने शिकारच करू नये, असं स्पष्ट म्हणा.

रानवाटा
कारागिराकडून बंदूक घडवून घेणारा गरीब! बरं.

फाटकाखिसा
माझी किटमधली, सुटे भाग आणून जोडलेली आहे. दस्ता मीच घासला. माणूस बघून बोलत जा.

लांबनळी
चालू द्या. तेवढ्यात माझं बोलून घेतो. पंचवीस यार्डांच्या आत, बसलेल्या सशावर, कोरड्या हवेत, धारदार गारगोटीने... इतक्या अटी पाळल्या तर तुमची बंदूक चालते, मान्य. रिमझिम सुरू झाली आणि रंजकीचा चिखल झाला की काय करता?

ठासणीवाला
चापावर मेण लावलेल्या चामड्याचं झाकण घालतो, रंजक बदलत राहतो. फारच भिजली तर घरी येतो. ससा उद्याही असतो.

लांबनळी
मग भिंतीवरच टांगलीत की!

ठासणीवाला
पावसाच्या दिवशी, हो. रानवाटा, फाटकाखिसा, शिशाचं भांडण दुसऱ्या धाग्यात न्याल का?

फाटकाखिसा
नेणार नाही. आधी त्यांनी 'गरीब' शब्द परत घ्यावा.

रानवाटा
तो तुमचाच शब्द होता. वर जाऊन वाचा.