चालणं पंधरा दिवसांत सुटते, तिसऱ्यांदा झालं. नागपुरात प्रतापनगरच्या आसपास काय करता येईल?

निवृत्त_प्रतापनगर, २१ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. वयाची ६० वर्षं पूर्ण केली आणि नोव्हेंबरात बँकेतून निवृत्त झालो. जानेवारीत रक्त तपासलं, तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, औषध सध्या नको, रोज पाऊण तास चाला, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.

आतापर्यंत तीनदा सुरुवात केली. चांगले बूट घेतले. पावलं मोजणारं घड्याळ मुलीनं पाठवलं. पहाटे स्कूटर काढायची, अंबाझरीच्या बागेत जायचं, फेऱ्या मारायच्या, परत यायचं. आठ-दहा दिवस बरोबर जातो. मग एखाद दिवशी पाहुणे येतात, एखाद दिवशी झोप लागून जाते, आणि घड्याळात दहा हजार झाले नाही की मनच उतरते. एकदा तुटलं की परत जायची इच्छा राहत नाही. त्याच त्या गोल फेऱ्यांचा कंटाळा येते, हेही खरं.

दुसरी गोष्ट, दिवस फार मोठा झाला आहे. चौतीस वर्षं सकाळी साडेनऊला घर सोडायची सवय. आता दुपारचे तीन वाजले की घरातल्या घरात येरझाऱ्या घालून राहिलो असतो. मॉलमध्ये जीव रमत नाही. सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून लांबचा प्रवासही नको वाटते. घराजवळ, खर्च न करता, दोघांना जमेल असं काही आहे का? आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्या नागपुरात चालणं होईल का? मनापासून विचारून राहिलो, कृपया सांगा.

टेकडीवाला, २१ फेब्रुवारी

काका, रविवारी सेमिनरी हिल्सला या. जपानी गार्डनच्या बाजूनं वर चढलं की झाडी लागते, थोडा चढ-उतार आहे, त्यामुळे सपाट फेऱ्यांसारखा कंटाळा येत नाही. सध्या पळस फुलला आहे, तो बघायला तरी याच. तेलंगखेडीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन फुटाळा तलावावरून परत जाता येते. पण हे आठवड्यातून एकदा. रोजचं जे आहे ते घराच्या फाटकापासूनच सुरू झालं पाहिजे असं मला वाटते. स्कूटर काढावी लागली की निम्मा उत्साह तिथंच जातो.

पायवाट, २१ फेब्रुवारी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. त्या दहा हजाराचं ओझं आधी उतरवा. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजेच 'दहा हजार पावलं मोजणारं'. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि आकडा जगभर गेला. २०१९ साली अमेरिकेत सुमारे १६,७०० वयस्क स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० नंतर फारसा फरक राहिला नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे रोज साधारण बावीस मिनिटं. तुमचे डॉक्टर पाऊण तास म्हणाले आहेत तर तेच धरा, पण ते एका दमात पाहिजे असं नाही.

साखरेसाठी जेवणानंतरचं चालणं फार मोलाचं. प्रत्येक जेवणानंतर पंधरा-पंधरा मिनिटं चाललं तर पुढच्या काही तासांची साखर आटोक्यात राहते, हे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे.

काकूंसाठी: सपाट रस्ता, दहा-दहा मिनिटांचे तुकडे, आणि घरी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं, सुरुवातीला पाच वेळा. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यांवरचा भार हलका होतो. गुडघा सुजत असेल तर आधी दाखवून घ्या. आणि चालताना छातीत दाटलं तर कोणाचंही न ऐकता थांबायचं.

महालच्या_बाई, २२ फेब्रुवारी

भाऊ, तुमचं लिहिलेलं काल रात्री दोनदा वाचलं. मी ६८ वर्षांची, महालात बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत राहते. शाळेत शिकवत होते. आमच्याकडे बाग नाही, झाडीची टेकडी नाही, आणि रस्ता मोकळा मिळते तो फक्त पहाटे.

२०१६ साली आमचे हे गेले. त्यानंतर वर्षभर मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. जेवायची, झोपायची, टीव्हीसमोर बसायची. एक दिवस सून म्हणाली, "आई, उद्यापासून दूध तुम्ही आणत जा." दारात पिशवी येत होती ती तिनं बंद करून टाकली. मला भयंकर राग आला. डेअरी तीन गल्ल्या पलीकडे, जाऊन-येऊन पंधरा मिनिटं. पहिला आठवडा मी तिच्याशी धड बोललेही नाही, पण दूध आणत गेले, कारण सकाळी नातवाला दूध लागायचं. आज मी तिला सांगते, की त्या वर्षी माझ्यासाठी एवढं कोणीच केलं नाही.

तुमचं सुटते कारण तुम्ही नुसतं 'चालायला' जाता. मला दूध आणायचं असते, म्हणून माझं सुटत नाही. पाहुणे आले तर दूध जास्तच लागते. तुम्हीही असं काहीतरी शोधा, जे तुम्ही गेल्याशिवाय घरात येणारच नाही. खामल्याच्या बाजारातून भाजी, डाक घरातलं काम, औषधं, जे असेल ते. आणि एकदम आठवड्याचं भरून ठेवू नका, रोजचं रोज आणा.

मग हळूहळू रस्ता लांबवा. मी डेअरीवरून गांधी गेटपर्यंत जाऊ लागले, जुनी माणसं त्याला जुम्मा दरवाजाच म्हणतात, आणि तिथून गांधीसागर. काठावर एक बाक आहे, तिथं दहा मिनिटं बसते. पाणी नेहमी स्वच्छ असते असं नाही, पण सकाळी पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, ते बघत बसते. पोळ्याच्या आधीच्या दिवसांत मी वाट बदलते. जागनाथ बुधवारीत पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याला मिरवायचा बाईचा मोठा पुतळा, तयार होत असते, १८८५ पासूनची, आणि इतवारीतली काळी त्याहून जुनी, १८८१ ची. नुसता सांगाडा उभा असतो तेव्हापासून रंग लागेपर्यंत टप्प्याटप्प्यानं बघायची. मिरवणुकीच्या दिवशी गर्दीत मला जाववत नाही, पण तिच्या अंगावर रंग चढताना मी पाहिलेला असते, त्यामुळे गॅलरीतून नुसता ढोल ऐकला तरी माझी मारबत झाली.

आता या वर्षीची गोष्ट सांगते. संक्रांतीनंतर आमच्या गल्लीत एका पडक्या वाड्याच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या स्कूटीवर मला बारीक भुसा दिसला. काळ्या सीटवर पांढुरका, चिमूटभर. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं कुठे सुतारकाम चाललं असेल. तिसऱ्या दिवशी वर पाहिलं तर शेवग्याची एक वाळलेली फांदी, आणि तिच्या खालच्या अंगाला रुपयाएवढं भोक. त्यातून चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी अर्धा बाहेर आला, चोचीतला भुसा झटकला, आणि पुन्हा आत. तांबट! कपाळावर लाल टिळा, गळ्याशी पिवळं, छातीवर लाल पट्टा. याचाच तो टुक्-टुक्-टुक् आवाज, जो आपण उन्हाळाभर ऐकतो आणि कोण करते ते पाहत नाही. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज म्हणून नाव तांबट. माझं माहेर सराफा ओळीजवळचं, लहानपणी हातोडीचा ठोका ऐकतच उठायचे, म्हणून मला तो आवाज माहेरचा वाटते.

तेव्हापासून रोज आधी सीट बघायची आणि मग वर. भुसा पडला असेल तर काम सुरू आहे. नर-मादी पाळीपाळीनं कोरतात. ज्या मुलाची स्कूटी आहे त्याला मी सांगितलं, तर तो आता गाडी दोन हात बाजूला लावते आणि मला "बाई, आज काय म्हणतात तुमचे पाहुणे?" असं विचारते. गेल्या पंधरवड्यात भुसा बंद झाला. आता एक आत असते आणि दुसरा फांदीवर. अंडी असावीत.

मी एक साधी शंभर पानी वही केली आहे. रोज एकच ओळ लिहायची, त्या दिवशी जे नवीन दिसलं ते. 'पिंपळाला तांबूस पालवी.' 'गेटजवळच्या आजी आज दिसल्या नाहीत.' तुमचा दुपारचा तीनचा प्रश्न याच वहीनं माझा सोडवला. सकाळी जे पाहिलं त्याचं नाव दुपारी शोधायचं, नातवाच्या खडूंनी त्याचं चित्र काढायचं. चार कुंड्यांत सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी पेरते, पाच वाजता पाणी घालते. संध्याकाळी शेजारच्या दोघी येतात, कॅरम लावतो. वहिनींना कॅरम येते का? गुडघ्याला त्रास होत नाही, आणि मन फार मोकळं होते.

उन्हाळ्याचं म्हणाल तर मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मी पाचला निघते आणि साडेसहाला घरात असते. साडेपाचच्या सुमारास उजाडतेच. आपल्याकडची हवा कोरडी, घाम अंगावर दिसत नाही, म्हणून तहान नसली तरी निघताना एक ग्लास पाणी आणि आल्यावर पन्हं. संध्याकाळी सिमेंटचे रस्ते रात्री नऊपर्यंत वाफ टाकतात, तेव्हा बाहेर जायचंच नाही. जेवणानंतर ओसरीतच पंधरा मिनिटं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायवाट यांनी लिहिलं ते वाचून बरं वाटलं, मी नकळत बरोबर करत होते.

टेकडीवाला, २२ फेब्रुवारी

बाई, उद्या पहाटे मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या सीट बघणार आहे.

निवृत्त_प्रतापनगर, १५ मार्च

उशिरा लिहितो, क्षमा असावी. घड्याळ कपाटात ठेवलं. दुधाची पिशवी बंद केली, सौ. सुरुवातीला रागावली. आता सकाळी दूध आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर खामल्याचा बाजार, दोन्ही पायी. बाजार मला वीस मिनिटं लागते. सौ. अर्ध्या वाटेवरच्या देवळापर्यंत येते, तिथं बसते, परत येताना आम्ही सोबत. बावीस दिवसांत एकच दिवस चुकला, लग्नाला गेलो होतो म्हणून. खुर्चीवरून उठणं पाचवरून बारावर गेलं आहे तिचं.

आमच्या ओळीत चौथ्या घरापुढे कडुनिंब आहे, सव्वीस वर्षं त्याच्याखालून स्कूटर काढली. परवा सौ. थांबली आणि म्हणाली, "वास आला का?" मोहोर आला होता. कितीतरी वेळ आम्ही दोघं तिथं नुसते उभे होतो. वहीतली ती पहिली ओळ तिच्या हातची आहे.

बाई, तांबटांचं पुढे काय झालं? ती रोज मला विचारून राहिली.

महालच्या_बाई, ३ एप्रिल

वहिनींना सांगा, पिल्लं आहेत. बरेच दिवस झाले, आई-बाप दर थोड्या वेळानं गांधीसागरच्या बाजूनं उडत येतात, चोचीत पिंपळाची किंवा वडाची फळं घेऊन. आज सकाळी दूध घेऊन परत येत होते तर भोकातून एक डोकं बाहेर आलेलं दिसलं. इकडे बघते, तिकडे बघते, खाली माझ्याकडेही बघितलं त्यानं. अंगाचा रंग मळकट हिरवा, आणि कपाळावर लाल टिळा अजून आलेला नाही.