चांदीच्या नॅनोकणांच्या शाईचा थेंब: प्रतिमानासाठी कोणती पद्धत निवडावी?

प्रश्न

पाणी आणि एथिलीन ग्लायकॉलच्या मिश्रणातील चांदीच्या नॅनोकणांच्या शाईने विद्युतवाहक रेषा छापायच्या असून त्या थेंबाचे संगणकीय प्रतिमान मला तयार करायचे आहे. थेंबाचा व्यास 25 मायक्रोमीटर, वेग सेकंदाला 5 मीटर, श्यानता (द्रवाचा दाटपणा) 10 मिलिपास्कल-सेकंद, पृष्ठताण मीटरला 50 मिलिन्यूटन आणि घनता घनमीटरला 1200 किलोग्रॅम आहे. ज्यावर छापायचे ते पृष्ठ 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेले आहे. सुकल्यावर चांदी कडेला कड्यासारखी साचते आणि मधला थर विरळ राहतो, त्यामुळे रेषेचा रोध वाढतो. नोझलपासून सुकलेल्या थरापर्यंतचा सगळा प्रवास ओपनफोम या द्रवप्रवाहाच्या संगणकप्रणालीत एकाच गणनेत बसवावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

एकच गणना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थेंब आदळून पसरण्याचा मुख्य भाग काही मायक्रोसेकंदांत उरकतो, तर सुकायला सेकंद लागतात. आदळण्यासाठी लागणारी सूक्ष्म कालपायरी धरून सुकण्यापर्यंत पोहोचणे व्यवहार्य नाही. शिवाय थेंब जवळजवळ स्थिर झाल्यावर आदळण्याच्या अशा गणनेत पृष्ठताणाच्या गणनेतून खोटे प्रवाह उद्भवतात आणि ते आपल्याला हव्या असलेल्या मंद प्रवाहांना झाकून टाकतात.

आपल्या आकड्यांवरून ओनेसोर्ग अंक (श्यानतेची जडत्व व पृष्ठताणाशी तुलना करणारा) सुमारे 0.26, म्हणजे त्याचा व्यस्त सुमारे 3.9 येतो. छपाईयोग्य शाईसाठी हा व्यस्त साधारण 1 ते 10 असावा असे मानतात, तेव्हा नोझलमधून थेंब नीट सुटेल की नाही याची चिंता नसावी. वेबर (जडत्व विरुद्ध पृष्ठताण) आणि रेनॉल्ड्स (जडत्व विरुद्ध श्यानता) हे दोन्ही अंक 15 येत असल्याने थेंब फुटून उडणारही नाही. खरा प्रश्न सुकण्याचा आहे. संपर्करेषा (थेंबाची पृष्ठाला टेकलेली कड) खिळलेली असताना कडेला बाष्पीभवन सर्वाधिक होते, ती तूट भरून काढण्यासाठी द्रव बाहेरच्या दिशेने वाहतो आणि कण सोबत नेतो. 50 नॅनोमीटरच्या कणांना विसरणाने (आपोआप पसरत जाऊन) थेंब ओलांडायला शेकडो सेकंद लागतात, त्यामुळे ते हा प्रवाह रोखू शकत नाहीत. ग्लायकॉल मात्र मदतीला येते: कडेचे पाणी आधी उडते, तिथे ग्लायकॉलचे प्रमाण वाढून पृष्ठताण घटतो आणि पृष्ठभागावरचा द्रव मध्याकडे ओढला जातो. म्हणून सुकण्यासाठी अक्षसममित (मध्याभोवती सगळीकडे सारखा आकार धरणारी) पातळ-थर समीकरणे घ्यावीत आणि त्यांत दोन्ही द्रावकांचे स्वतंत्र बाष्पीभवन व पृष्ठताणातील फरकामुळे होणारा हा मारांगोनी प्रवाह धरावा. शाईत पृष्ठसक्रियक (पृष्ठताण घटवणारे साबणासारखे द्रव्य) असल्यास हा प्रवाह क्षीण होऊ शकतो, हेही ध्यानात असावे.

आणखी एक प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. फक्त श्यानता स्थिर धरू नये. पाणी उडते तसे ग्लायकॉल आणि कण दोन्ही दाट होत जातात, आणि घनभाग दाटीच्या मर्यादेजवळ आला की कडेचा थर गोठल्यासारखा थांबतो. कणांच्या दाटीनुसार श्यानता देणाऱ्या क्रीगर-डॉहर्टी सूत्राने हे बऱ्यापैकी साधते. पुढे सरकणारा आणि मागे हटणारा असे दोन्ही संपर्ककोन (थेंबाच्या कडेचा पृष्ठाशी होणारा कोन) मात्र आपल्याच पृष्ठावर मोजून घ्यावेत आणि आधी एका सुट्या थेंबाचा सुकलेला उंचीचा छेद प्रोफायलोमीटरवर (पृष्ठाची उंची मोजणाऱ्या उपकरणावर) जुळवून पाहावा. तो जुळेपर्यंत सलग रेषेच्या प्रतिमानाला हात घालू नये.