पीएफसेन्स फायरवॉल: स्वॅप ३१ टक्क्यांवर अडकलंय, आणि नेट सोमवारीच का बंद पडतं?

स्टोअर_उद्यमबाग

नमस्कार. बेळगावात उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. मी तिथं स्टोअर आणि डिस्पॅच बघते. कॉम्प्युटरचं शिक्षण माझं नाही, पण आधी नेटवर्क बघणारे दादा पुण्याला गेले आणि ते काम माझ्याकडे आलं. दोन वर्षं झाली. आता मला ते नीट समजून करायचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमची फायरवॉल (बाहेरचं नेट आणि आतली मशीन यांच्यामधला पहारेकरी) म्हणजे एक जुना डेस्कटॉप आहे. ४ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्डडिस्क, त्यावर फायरवॉलची सिस्टम पीएफसेन्स २.७, फाइल सिस्टम झेडएफएस. आत २६ मशीन. शिनोळीला आमचं दुसरं युनिट आहे, तिकडे व्हीपीएन (नेटवरून खाजगी जोडणी). सुरिकाटा (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटमध्ये धोका शोधणारा प्रोग्रॅम) वॅन (बाहेरची बाजू) आणि लॅन (आतली बाजू) दोन्हींवर चालू आहे, शिवाय जाहिराती आणि वाईट साइट अडवायला पीएफब्लॉकर.

डॅशबोर्डवर मेमरी कायम ७५ टक्क्यांच्या वर, स्वॅप (रॅममधलं काही बाजूला ठेवायला डिस्कवर राखलेली जागा) ३१ टक्के. गेले पंधरा दिवस स्वॅपचा आकडा हललेलाच नाही. त्याची धास्ती वाटते, कारण महिन्याभरात दोनदा सकाळी आल्यावर नेट बंद होतं. शिनोळीचा सर्व्हर आयपी टाकून लागत होता, पण नावानं एकही साइट उघडत नव्हती. मशीन बंद-चालू केलं की ठीक. दोन्ही वेळा सोमवार होता.

नेट नसलं की आमचं काय होतं ते सांगते. शिनोळी बाचीच्या पलीकडे, चंदगड तालुक्यात, म्हणजे दुसरं राज्य आणि दुसरा जीएसटी नंबर. टेम्पोतला माल ५०,००० रुपयांच्या वरचाच असतो. ई-वे बिल निघाल्याशिवाय टेम्पो गेटमधून हलत नाही. त्या सोमवारी ड्रायव्हर सव्वाआठपासून दहापर्यंत बसून होता आणि तिकडे दोन मशीन कामाशिवाय उभी होती.

सिस्टम लॉगमध्ये रविवार-सोमवारच्या मध्यरात्री १२.४१ ला एक ओळ सापडली: अनबाउंड (साइटच्या नावावरून आयपी शोधणारा प्रोग्रॅम), 'वॉज किल्ड: फेल्ड टू रिक्लेम मेमरी'. माझा प्रश्न असा: स्वॅप ६९ टक्के मोकळं असताना मेमरी संपली कशी? आणि रॅम वाढवायची का?

निपाणीकर

ताई, सरळ ८ जीबी करा. जुन्या मशीनची डीडीआर३ रॅम वापरलेली स्वस्तात मिळते. आणि स्वॅप बंदच करून टाका, माझ्याकडे तसंच आहे, काही त्रास नाही. स्वॅप लागायला लागलं म्हणजे रॅम कमी, एवढं साधं आहे.

खानापूर_नेट

निपाणीकर, रॅमचं ठीक आहे, पण स्वॅप बंद करायचा सल्ला मला पटत नाही. फ्रीबीएसडीमध्ये (पीएफसेन्स जिच्यावर चालतं ती सिस्टम) कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, कोसळला तर त्या क्षणाची नोंद (डंप) आधी स्वॅपच्याच जागेत उतरते. ती जागा नसेल तर मशीन का कोसळलं ते कधीच कळणार नाही. शिवाय स्वॅप काढल्यानं प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली जायची वेळ उलट लवकर येते.

ताई, तुम्ही लॉग बघून वेळ लिहिलीत ते फार बरं झालं. दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करू.

पहिली, ७५ टक्के. 'फ्री' म्हणजे अजून कुणी कशालाच न वापरलेली रॅम. ती कमी दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. टॉप कमांड चालवलीत की वर ओळ येते: अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्ट, लाँड्री, वायर्ड, फ्री. इनअ‍ॅक्ट म्हणजे सध्या कुणी हात न लावलेली पानं (पान म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा). त्यातली जी जशीच्या तशी डिस्कवर आहेत ती लगेच सोडता येतात. लाँड्री म्हणजे सोडण्याआधी डिस्कवर लिहावी लागणारी. वायर्ड म्हणजे कर्नलनं धरून ठेवलेली, ती स्वॅपमध्ये जात नाही. झेडएफएसची एआरसी नावाची कॅशे याच वायर्डमध्ये मोजली जाते, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. गरज पडली की एआरसी जागा सोडते, फक्त एका झटक्यात सोडत नाही. मी एका पतसंस्थेत हाच आकडा बघून रॅम दुप्पट केली होती. आठवड्यात एआरसी पसरली आणि फ्री पुन्हा होती तिथंच. ते पैसे वाचले असते.

दुसरी, ३१ टक्के. स्वॅपचा आकडा मागे कधीतरी काय झालं ते सांगतो, आत्ता काय चाललंय ते नाही. एकदा डिस्कवर गेलेलं पान, ज्याचं त्याला लागेपर्यंत फ्रीबीएसडी आपणहून परत आणत नाही. पंधरा दिवस आकडा हलला नाही म्हणजे ती पानं कुणी मागितलीच नाहीत. काळजी करायची ती रॅम आणि डिस्कमधली पानांची येजा वाढली तर. व्हीएमस्टॅट कमांड ५ सेकंदांच्या अंतरानं चालवा आणि पीआय, पीओ (आत आलेली आणि बाहेर गेलेली पानं) हे दोन रकाने बघा. दिवसभर ते शून्याच्या आसपास असतील तर दिवसाची तब्येत चांगली आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. ती ओळ 'स्वॅप भरलं' असं म्हणत नाही. ती म्हणते 'मेमरी परत मिळवता आली नाही'. एकदम मोठी मागणी आली की कर्नल पानं मोकळी करायला धावतो. तुमची डिस्क फिरणारी, लिहायला वेळ लागतो. सलग काही फेऱ्या मारूनही पुरेशी जागा हाती लागली नाही (डिफॉल्ट १२ फेऱ्या), तर सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस तो मारतो. स्वॅपमध्ये तेव्हा जागा असली तरी. जुन्या आवृत्तीत याच प्रसंगाला 'आउट ऑफ स्वॅप स्पेस' असा संदेश यायचा आणि त्यानं पुष्कळ लोक चुकीच्या वाटेला लागले.

म्हणून मला दोन गोष्टी कळवा. टॉपमध्ये इंग्रजी छोटा ओ दाबून 'रेस' लिहा, म्हणजे मेमरीप्रमाणे क्रम लागेल. वरचे तीन-चार पाठवा. आणि रविवारी मध्यरात्री कोणकोणती कामं लावलेली आहेत ते बघा. स्टेटस मेनूत मॉनिटरिंग आहे, तिथं मेमरीचा आठवड्याचा आलेखही मिळेल.

स्टोअर_उद्यमबाग

सर, खूप आभार. स्वॅपचं तुम्ही सांगितलंत ते मला माझ्या माळ्यावरून समजलं. सहा महिने ऑर्डर नसलेली फिक्स्चर आम्ही माळ्यावर चढवतो. खाली जागा झाली म्हणून ती कुणी लगेच उतरवत नाही, ऑर्डर आली की उतरवतो. माळा भरलेला आहे म्हणून शॉप अडत नाही. दर दहा मिनिटांनी शिडी लावायला लागली तर अडेल.

आकडे असे: अ‍ॅक्टिव्ह ९५० एमबी, इनअ‍ॅक्ट ८३०, लाँड्री ४२०, वायर्ड १,६१० (त्यात एआरसी ८२०), फ्री १३०. क्रमानं अनबाउंड ७८० एमबी, सुरिकाटा ५३० आणि दुसरी सुरिकाटा ५१०. नंतर एकदम खाली पीएचपी वगैरे. काल दुपारी तासभर व्हीएमस्टॅट बघत बसले, पीआय-पीओ शून्यच. एकदाच ४ आले.

आलेखात रोज रात्री साडेबाराला एक सुळका आहे, फ्री तळाला जाते. सोमवारचा सुळका सर्वांत उंच. शोधल्यावर कळलं की सुरिकाटाचे नियम रोज १२.३० ला अपडेट होतात. आणि पीएफब्लॉकरच्या दोन मोठ्या याद्या 'वीकली' आहेत, वार सोमवार. त्याही मध्यरात्रीनंतरच.

स्टेट टेबलची (चालू जोडण्यांच्या यादीची) शंका होती, म्हणून तेही पाहिलं: २,३०० स्टेट.

खानापूर_नेट

स्टेट टेबल सोडून द्या. एका स्टेटला साधारण १ केबी, म्हणजे तुमचे सगळे मिळून अडीच एमबीच्या आत. ४ जीबीला डिफॉल्ट मर्यादा चार लाखांच्या आसपास येते.

बाकी तुम्हीच शोधून काढलंत की. सुरिकाटात 'लाइव्ह रूल स्वॅप' चालू असणार. नावात स्वॅप असलं तरी डिस्कवरच्या स्वॅपशी त्याचा संबंध नाही. नवे नियम पूर्ण चढेपर्यंत जुने सोडायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. म्हणजे तेवढा वेळ नियमांचे दोन्ही संच रॅममध्ये, आणि तुमच्याकडे सुरिकाटा दोन. त्याच वेळी सोमवारी पीएफब्लॉकर याद्या चाळतो आणि अनबाउंड नव्यानं भरतो. सर्वांत मोठा अनबाउंड, म्हणून तोच मारला जातो. नाव शोधणारा तोच, म्हणून आयपी चालतं आणि नाव चालत नाही. तो आपणहून परत उठत नाही आणि रविवारी रात्री शॉपमध्ये कुणी नसतं, त्यामुळे कळतं ते सकाळी.

मी असतो तर या क्रमानं केलं असतं. पीएफब्लॉकरचा डीएनएसबीएल (नावावरून साइट अडवणारा भाग) 'अनबाउंड पायथन मोड'वर न्या. साध्या मोडमध्ये यादीतलं प्रत्येक नाव अनबाउंडच्या पोटात झोन म्हणून बसतं, पायथन मोडमध्ये फार कमी जागा लागते. त्याआधी डीएनएस रिझॉल्व्हरमधली (म्हणजे अनबाउंडच्या सेटिंगमधली) डीएचसीपी रजिस्ट्रेशनची, म्हणजे आतल्या मशीनची नावं आपोआप नोंदवायची खूण काढा, ते दोन्ही एकत्र नांदत नाहीत. मग वॅनवरची सुरिकाटा बंद करा. वॅनवर ती फायरवॉलच्या आधीचा सगळा कचरा बघते, जो पुढं अडणारच असतो. शिवाय तिथं आतलं कुठलं मशीन ते दिसत नाही, सगळं एकाच आयपीवर दिसतं. लॅनवरची मात्र ठेवाच, पॅकेट कुठल्या मशीनचं आहे ते तिथंच कळतं.

लाइव्ह रूल स्वॅप काढलंत तर अपडेटच्या वेळी सुरिकाटा थोडा वेळ बंद होऊन चालू होईल. रात्री साडेबाराला तुम्हाला ते चालेल. शेवटी वेळा वेगळ्या करा, सुरिकाटा १२.३० ला राहू दे, याद्या पहाटे ३ नंतर.

एआरसीला ५१२ एमबीची मर्यादा घालता येते, पण आधी हे करून बघा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळायचं नाही.

वडगाव_लिनक्स

एक भर घालतो. ताई, तुमच्याकडे उबंटूचा फाइल सर्व्हर वगैरे असेल तर तिथं 'फ्री' कमांडमधला शेवटचा 'अ‍ॅव्हेलेबल' रकाना बघायचा, 'फ्री'चा नाही. कल्पना तीच, नावं वेगळी. फ्रीबीएसडीत असा तयार एक आकडा मिळत नाही, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

आणि सर्व्हिस वॉचडॉग हे पॅकेज टाकून त्यात अनबाउंड घाला. बंद पडला तर मिनिटाभरात उठेल. मूळ दुखणं त्यानं जाणार नाही, पण टेम्पो तरी अडणार नाही.

निपाणीकर

खानापूर_नेट, डंपचं मला माहीत नव्हतं. आज स्वॅप परत चालू केलं.

स्टोअर_उद्यमबाग

तीन सोमवार झाले, म्हणून लिहायला आले. सांगितलेल्या क्रमानं, एकेक बदल दोन-दोन दिवसांच्या अंतरानं केला.

पायथन मोडनंच सर्वांत मोठा फरक पडला. अनबाउंड ७८० वरून १४० एमबीवर आला. डीएचसीपी रजिस्ट्रेशन काढल्यावर आमचा प्रिंटर नावानं सापडेना. त्याला स्टॅटिक मॅपिंग केलं (कायमचा आयपी ठरवून दिला), मग लागला. वॅनवरची सुरिकाटा बंद केली त्या दिवशी अलर्टच्या पानावर पहिल्यांदाच वाचण्यासारखं काही दिसलं: डिझाइनच्या खोलीतलं एक मशीन सारखं कुठल्यातरी अनोळखी पत्त्याला जात होतं. आधी ते हजारो ओळींत बुडून जायचं. ते मशीन वेगळं काढून साफ केलं.

सगळं झाल्यावर एकदाच रीबूट केलं. आता डॅशबोर्डवर मेमरी ५८ टक्के. स्वॅप शून्य होतं, परवाच्या सोमवारनंतर १२ एमबी दिसतंय आणि तिथंच आहे. ते बघून आता काही वाटत नाही. रात्रीचा सुळका अजून येतो, पण फ्री तळाला जात नाही. एआरसीला हात लावला नाही, रॅमही घेतली नाही. साहेबांना सांगून रॅम घेण्याऐवजी छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) मागितली आहे, डिस्क सहा वर्षांची झाली.

वॉचडॉग टाकला आहे. त्यानं अजून एकदाही अनबाउंड उठवलेला नाही, लॉग रोज बघते. काल पहिलं ई-वे बिल ८.२० ला निघालं.

आता शिनोळीच्या फायरवॉलकडे बघायचं आहे. तिथं फक्त २ जीबी रॅम आणि तीच सेटिंग, दादांनी इथलीच कॉपी करून बसवली होती. गुरुवारी टेम्पोबरोबर जाते आणि तिथला आठवड्याचा आलेख इथं टाकते. सर, २ जीबीवर सुरिकाटा ठेवावी का, तेवढं सांगाल?