मदत हवी आहे: एकच गेम, दोन कन्सोल, विक्रीची तुलना नक्की कशी करायची?

नमस्कार मंडळी,

एका मित्राशी वाद चाललाय. त्याचं ठाम मत: निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) निन्टेन्डोचेच गेम खपतात, बाहेरच्या कंपन्यांनी तिकडे फिरकूच नये. मी 'रेसिडेंट ईव्हिल ४' पुढे केला. कॅपकॉम या बाहेरच्या कंपनीचा हा गेम जानेवारी २००५ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर आला, सोनीच्या पीएस२ (प्लेस्टेशन २) वर त्याच वर्षी ऑक्टोबरात. गेमक्यूबवर साधारण १६ लाख प्रती गेल्या, पीएस२ वर साधारण २३ लाख.

"बघ, हरलास," इति मित्र.

अरे, पण गेमक्यूब जगभरात विकले गेले २ कोटी १७ लाख आणि पीएस२ साडेपंधरा कोटींच्या वर! म्हणजे शंभर गेमक्यूबमागे सातेक प्रती आणि शंभर पीएस२ मागे जेमतेम दीड. तेही पीएस२ वाल्यांना गेममधल्या एडा या पात्राचं जादा प्रकरण मिळालेलं असताना. (आपल्याकडे गेमक्यूब कोणी पाहिला तरी आहे का, हा वेगळा धागा होईल.)

तर हा दर शंभरी हिशोब ग्राह्य धरतात का? आणि कन्सोलवार आकडे खात्रीने कुठे मिळतील?

प्रतिसाद १
हिशोबाची दिशा बरोबर, भाजक चुकलाय. साडेपंधरा कोटी हा पीएस२ चा आयुष्यभराचा आकडा. नोव्हेंबर २००५ मध्ये सोनीने १० कोटी कन्सोल दुकानांकडे रवाना केल्याचं जाहीर केलं होतं. गेम आला तेव्हाचा आकडा हा, त्याने भागा.

प्रतिसाद २
मित्र अगदीच चूक नाही. कॅपकॉमला पैसे प्रतींचे मिळतात, टक्क्यांचे नाही. आधीच तयार असलेला गेम दुसऱ्या कन्सोलवर नेऊन २३ लाख प्रती जात असतील तर कोण सोडेल? पण 'निन्टेन्डोवर बाहेरचं खपतच नाही' हे साफ खोटं. युबीसॉफ्ट या बाहेरच्या कंपनीचा पहिला 'जस्ट डान्स' २००९ मध्ये फक्त निन्टेन्डोच्या वी (Wii) या कन्सोलवर आला आणि तुफान चालला. वीला एचडी (जास्त स्पष्ट चित्र) नव्हतं, त्यामुळे सोनीच्या पीएस३ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चे मोठे गेम तिथे एकतर येत नसत किंवा कापून-छाटून येत. लोकांनी ते घेतले नाहीत, यात नवल काय?

आकड्यांचं म्हणाल तर युबीसॉफ्ट आपल्या आर्थिक निकालांत कन्सोलवार वाटा टक्क्यांत देते. जपानसाठी फामित्सू हे तिथलं गेमविषयक मासिक. अमेरिकेत एनपीडी या बाजार-पाहणी कंपनीने २०१० नंतर नगांचे आकडे सर्वांसाठी देणं बंद केलं. व्हीजीचार्ट्झ या संकेतस्थळाचे आकडे बरेचसे अंदाज असतात, वादात वापरू नका. शिवाय दुकानांत पाठवलेल्या प्रती आणि गिऱ्हाइकाने घेतलेल्या प्रती एकाच तक्त्यात कालवू नका.

धागाकर्ता
आभार! १० कोटींनी भागलं तर शंभरी २.३ येतात. पण मग गेमक्यूबचाही २००५ चाच आकडा घ्यायला हवा ना? तो २ कोटी १७ लाखांपेक्षा कमीच असणार, म्हणजे सातचे अजून वाढतील. मित्राला आज रात्रीच फोन लावतो.