अळुमाळु म्हणजे अळू नव्हे

‘अवचिता परिमळु, झुळकला अळुमाळु’ या ज्ञानदेवांच्या विराणीतल्या (विरहगीतातल्या) ‘अळुमाळु’चा संबंध कुणीतरी अळूशी जोडलाय. तसं नाही. अळुमाळ म्हणजे किंचित, जरासा. सुगंध घमघमला नाही, नुसता जाणवला, आणि तेवढ्यानेच ती विरहिणी ‘गोपाळु आला गे माये’ म्हणते! परिमळु, गोपाळु यांतला शेवटचा उकार हा जुन्या मराठीतला पुल्लिंगी एकवचनाचा. संस्कृत विसर्गाचा प्राकृतात ओ, अपभ्रंशात (प्राकृतानंतरच्या भाषेत) उ झाला, तोच हा.

मला खरं वेड लावतं ते पुढचं ‘चांचरती चांचरती बाहेरी निघाले, ठकचि मी ठेले’. चांचरती म्हणजे अडखळत. ‘ठेले’ म्हणजे उभी राहिले; मूळ धातू ‘स्था’. दारापर्यंत धडपडत आली आणि तिथेच थिजली.